नाच, नृत्य आणि नट

मराठीत ‘नाच’ आणि ‘नृत्य’ हे दोन शब्द रोजच्या वापरात आहेत, पण ते सहसा एकमेकांच्या जागी येत नाहीत. वरातीत नाच होतो, सभागृहात नृत्य सादर होते. तारपा वाजला की वारली पाड्यावर नाच सुरू होतो. तोच फेर शाळेच्या स्नेहसंमेलनात आला की कार्यक्रमपत्रिकेत ‘आदिवासी नृत्य’ असे छापले जाते. ऐकणाऱ्याला दोन शब्दांत दर्जाचा फरक जाणवतो. भाषेच्या इतिहासात मात्र असा फरक सापडत नाही, कारण हा मुळात एकच शब्द आहे. एक रूप बोलणाऱ्यांच्या तोंडून पिढ्यान् पिढ्या झिजत आले आणि दुसरे ग्रंथांतून जसेच्या तसे उचलले गेले. त्याच मुळातून फुटलेले ‘नट’ हे तिसरे रूप तर इतके वेगळे दिसते की त्याचे नाते चटकन लक्षातही येत नाही.

या सगळ्यांच्या मुळाशी ‘नृत्’ हा संस्कृत धातू आहे. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात त्याचा अर्थ एका शब्दात दिला आहे: गात्रविक्षेप, म्हणजे अंगे इकडेतिकडे टाकणे, हलवणे. ही व्याख्या फार मोकळी आहे. तिच्यात ताल नाही, कथा नाही, शिस्तीचीही अट नाही. शरीर हलते एवढेच या शब्दाने सांगितले. बाकीचे अर्थ पुढच्या शतकांनी त्यात भरले.

ऋग्वेदात हा धातू अनेकदा येतो आणि त्या जागा पाहिल्या की नाचण्याचा किती निरनिराळ्या प्रसंगांशी संबंध होता हे कळते. उषेच्या एका सूक्तात पहाटेची देवता नर्तकीसारखी नक्षीदार साज अंगावर चढवते. दहाव्या मंडलातील सृष्टीच्या उत्पत्तीसंबंधीच्या सूक्तात देव पाण्यात उभे असतात आणि नाचणाऱ्यांच्या पायांखालून उडावी तशी धूळ त्यांच्यापासून उठते. सर्वांत लक्षात राहणारी जागा अंत्यसंस्काराच्या सूक्तात आहे. मृताला निरोप देऊन मागे फिरलेले लोक तिथे म्हणतात की आपण आता पुढे निघालो आहोत, नाचण्यासाठी आणि हसण्यासाठी. जिवंत असण्याची खूण म्हणून या कवीला जे दोन शब्द सुचले त्यांतला एक ‘नृत्’पासून आलेला आहे.

बोलीभाषेत या धातूचे काय झाले हे पाहण्यासाठी दोन ध्वनिबदल समजून घ्यावे लागतात. पहिला ‘ऋ’चा. हा स्वर प्राकृतात टिकला नाही. कुठे त्याचा ‘अ’ झाला, कुठे ‘इ’, कुठे ‘उ’. मराठीचा कल पुष्कळदा ‘अ’कडे दिसतो. मृत्तिकेची मराठीत माती झाली, हिंदीत मिट्टी. तृणाचे मराठीत तण झाले, हिंदीत तिनका. दुसरा बदल ‘त्य’ या जोडाक्षराचा. त्याचा प्राकृतात ‘च्च’ झाला: सत्य–सच्च, मृत्यु–मच्चु. याच नियमाने ‘नृत्यति’ या क्रियारूपाचे महाराष्ट्री प्राकृतात ‘णच्चइ’ झाले. पुढे मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली या भाषा घडताना जोडव्यंजन सुटे झाले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. सच्चचे साच, अज्जचे आज, विज्जूची वीज आणि णच्चचा नाच झाला. पंजाबीने ही शेवटची पायरी घेतली नाही. तिथे अजून सच्च, अज्ज आणि नच्च असेच म्हणतात. भांगड्याच्या गाण्यांत कानावर पडणारा ‘नच्च’ म्हणजे प्राकृताच्या अवस्थेत थांबलेला ‘नाच’च होय. मराठीने आणखी एक छटा स्वतःची घातली. ‘नाच’, ‘नाचणे’ यांतला ‘च’ मराठी माणूस दातांशी जीभ नेऊन उच्चारतो, हिंदी माणूस टाळूशी.

म्हणजे ‘नाच’ हा ‘नृत्या’चा बिघडलेला अवतार नव्हे. वीज हा जसा विद्युतचा बिघाड नाही, तसेच हे आहे. नियमाने बदलत, कोट्यवधी लोकांच्या जिभेवरून, एकदाही खंड न पडता जो शब्द आजपर्यंत आला तो ‘नाच’. ‘नृत्य’ हा शब्द मात्र मराठीने संस्कृत ग्रंथांतून पुन्हा मागून घेतला आहे. घरातला वारस कोण, असे विचारायचे झाले तर तो मान ‘नाच’लाच द्यावा लागेल.

‘नट’ची गोष्ट याहून जुनी आहे. संस्कृत बोलली जात असतानाच शेजारी प्राकृत बोली वावरत होत्या आणि त्यांतले काही शब्द संस्कृतात शिरले. ‘ऋ’नंतरचा ‘त’ काही बोलींमध्ये ‘ट’ होत असे. ‘विकृत’ असतानाच ‘विकट’ आला, ‘भृत’ असतानाच ‘भट’ आला. याच रीतीने ‘नृत्’चे बोलीतले रूप ‘नट्’ संस्कृतात आले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. वैयाकरणांनी त्याला वेगळा धातू म्हणून नोंदवले, पण अर्थ दिला तो नाचण्याचाच. हे फार लवकर घडले असले पाहिजे, कारण खुद्द पाणिनीला ‘नट’ हा शब्द माहीत आहे. त्याच्या अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात शिलाली आणि कृशाश्व या दोघांच्या नावाने चालणाऱ्या नटसूत्रांचा उल्लेख आहे. ती सूत्रे आज उपलब्ध नाहीत. तरी भरताच्या नाट्यशास्त्राच्या कितीतरी आधी नटांसाठी शिकवणीचे ग्रंथ होते, एवढे त्यावरून निश्चित कळते.

या ‘नट’पासून नाट्य, नाटक, नटी, नाटकी हे शब्द झाले. मराठीने त्यात ‘नटणे’ची भर घातली. ‘नटणे’ म्हणजे सजणे, ‘नटूनथटून’ म्हणजे दागदागिने, वेशभूषा यांसह. नटाचे साज चढवणे हाच या क्रियापदाचा मूळ अर्थ, आणि तो पाहताना ऋग्वेदातली साज चढवणारी उषा आठवल्याशिवाय राहत नाही. नाचणे आणि सजणे यांचे नाते या शब्दकुळात आरंभापासून आहे. तमाशात स्त्रीवेष घेऊन नाचणाऱ्या पुरुषाला ‘नाच्या’ म्हणतात. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ या कादंबरीचा नायक असा नाच्या होतो आणि त्यापायी समाजाची अवहेलना सोसतो. २०१० साली आलेल्या चित्रपटामुळे ही कथा घरोघरी पोचली. शीर्षकातला ‘नट’ आणि नायकाच्या वाट्याला आलेला ‘नाच्या’ हे दोन्ही शब्द एकाच धातूचे. एक मानाचा झाला, दुसरा हिणवण्याचा.

शास्त्रकारांनी या शब्दांना पारिभाषिक अर्थ दिले तेही क्रमाक्रमाने. इसवी सनाच्या आगेमागे रचलेल्या नाट्यशास्त्रात मुख्य शब्द दोनच आहेत: नाट्य आणि नृत्त. ‘नृत्य’ हा स्वतंत्र वर्ग तिथे नाही. चौथ्या अध्यायात शिव ब्रह्मदेवाने बसवलेला प्रयोग पाहतो, त्याच्या पूर्वरंगात नृत्त घालावे असे सुचवतो आणि तंडू या आपल्या गणाला ते शिकवायला सांगतो. ‘तांडव’ हे नाव या तंडूवरून आले, असे ग्रंथ सांगतो. हातापायांच्या आणि अंगाच्या एकत्र हालचालीचे घटक म्हणजे करणे. अशी १०८ करणे आणि त्यांच्या गुंफणीतून होणारे ३२ अंगहार इथे वर्णिले आहेत. चिदंबरमच्या गोपुरांत आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात ही करणे दगडात कोरलेली आहेत. तंजावरला ८१ पूर्ण झाली आणि उरलेल्यांच्या शिळा कोऱ्याच राहिल्या.

याच अध्यायात ऋषी एक अडचणीचा प्रश्न विचारतात. अभिनयातून अर्थ पोचवता येतो, मग गीताच्या अर्थाशी ज्याचा संबंध नाही असे नृत्त कशासाठी निर्माण केले? भरताचे उत्तर असे, की नृत्ताला कशाचीच अपेक्षा नसते. ते शोभा आणते म्हणून आले. लोकांना ते स्वभावतःच आवडते. विवाह, अपत्यजन्म, भरभराट अशा आनंदाच्या प्रसंगी ते मंगल मानले जाते. एवढ्या काटेकोर शास्त्रग्रंथाने नाचाला प्रयोजनाच्या ओझ्यातून सोडवावे, ही गोष्ट मोठी आहे. ज्यांना प्रत्येक कलेतून संदेश हवा असतो त्यांनी हा भाग जरूर वाचावा.

‘नृत्य’ वेगळे झाले ते पुढे. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात माळव्याच्या मुंज राजाच्या आश्रयाने धनंजयाने ‘दशरूपक’ लिहिले. त्यात नाट्य, नृत्य आणि नृत्त अशी तीन पदे स्पष्ट वेगळी केली आहेत. नाट्याचा आधार रस, नृत्याचा आधार भाव आणि नृत्ताचा आधार ताल व लय. नाट्यात संपूर्ण वाक्याचा आशय उभा राहतो, नृत्यात पदापदाचा अर्थ अभिनयातून दाखवला जातो, नृत्तात अर्थ दाखवायचाच नसतो. नंदिकेश्वराच्या नावावर असलेल्या ‘अभिनयदर्पणा’तही हीच त्रयी आहे. आजचे नर्तक या संज्ञा याच अर्थाने वापरतात. भरतनाट्यममधला अलारिप्पू, जतिस्वरम् आणि तिल्लाना हे नृत्त. पदम् हे नृत्य. वर्णम् मध्ये दोन्ही आळीपाळीने येतात. कथकमधले तत्कार, तोडे, परण ही नृत्ताची बाजू आणि ठुमरीवरचा भाव ही नृत्याची. लावणीलाही ही कसोटी लावता येते. फडावरच्या लावणीत ढोलकीच्या बोलावर जे पदन्यास पडतात ते नृत्त. बैठकीची लावणी मात्र बसून गायली जाते आणि अदा चेहऱ्यातून, हातातून, मानेच्या मुरक्यातून होते. यमुनाबाई वाईकरांसारख्या कलावतींनी हा प्रकार गाजवला. पाय जवळजवळ हलत नाहीत, तरी धनंजयाच्या व्याख्येने हे शुद्ध नृत्यच ठरते. उलट वरातीत पाय अखंड हलत असतात, ते नृत्त. रूढ वापरात नेमके उलटे मानले जाते, हा भाग निराळा.

या संज्ञांच्या इतिहासात महाराष्ट्राच्या भूमीचा मोठा वाटा आहे. देवगिरीच्या यादवांकडे, सिंघण राजाच्या काळात, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे, आजोबा दक्षिणेत आले आणि तो स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख अधिकारी होता. संगीत म्हणजे गीत, वाद्य आणि नृत्त या तिन्हींचा मेळ, ही त्याने मांडलेली व्याख्या पुढच्या अनेक ग्रंथकारांनी उचलली. ग्रंथाच्या सातव्या आणि शेवटच्या अध्यायाचे नाव ‘नर्तनाध्याय’. नाट्य, नृत्य, नृत्त या तिघांना एका छत्राखाली घेण्यासाठी त्याला वेगळा शब्द हवा होता, तो त्याने त्याच धातूतून घेतला: नर्तन. शास्त्राने बांधलेल्या मार्ग प्रकारांबरोबर प्रांतोप्रांतीचे देशी प्रकारही त्याने तितक्याच आस्थेने नोंदवले.

त्या देशी प्रकारांत एक आहे गोंडली. त्याची हकीकत काकतीयांचा सेनापती जाय याने ‘नृत्तरत्नावली’त दिली आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने भूतमातेच्या उत्सवात भिल्लिणीच्या वेषात नाचणारी-गाणारी एक स्त्री पाहिली आणि त्यावरून हा प्रकार बांधला; महाराष्ट्रात भिल्लिणीला ‘गोंडिनी’ म्हणतात म्हणून त्याचे नाव गोंडली पडले. देवीच्या नावाने संबळ-तुणतुण्यावर चालणाऱ्या गोंधळाशी या शब्दाचा संबंध अभ्यासकांनी जोडला आहे. हकीकत किती खरी हे ठरवणे कठीण. तरी राजाने रस्त्यावरचा नाच उचलून दरबारात नेला, हे तेराव्या शतकातल्या ग्रंथकाराला सांगण्यासारखे वाटले. लपवण्यासारखे वाटले नाही, हे महत्त्वाचे.

संतांच्या मराठीतही ‘नाचणे’ला कमीपणा नाही. नामदेवांच्या अभंगांत कीर्तनातले नाचणे आणि जगात ज्ञानाचा उजेड करणे ही दोन कामे एकाच संकल्पात येतात. वारकरी पावली टाळांच्या ठेक्यावर पडते, वारीत थोर माणसे फुगडी घालतात आणि त्या नाचण्याला कोणी हलके समजत नाही. कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर, डोक्यावर घेऊन ‘नाचवतात’. या प्रयोजक रूपात नाचणारी खुद्द देवता असते.

मग ‘नाच’ हा शब्द घसरला कधी? नाचणाऱ्या जातींकडे तुच्छतेने पाहणे जुनेच आहे, पण शब्दाला आजचा काळिमा लागला तो मुख्यतः वसाहतीच्या काळात. इंग्रजांनी ‘नाच’ हा शब्द स्वतःच्या भाषेत घेतला. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात तो नोंदलेला आहे. त्यांच्या लेखी ‘नॉच’ म्हणजे पाहुण्यांच्या करमणुकीसाठी व्यावसायिक स्त्रियांचा नाच, आणि ‘नॉच गर्ल’ म्हणजे ती नाचणारी. देवळातली देवदासी, दरबारातली कलावंतीण, कोठ्यावरची तवायफ अशा वेगवेगळ्या शिक्षणाच्या, वेगवेगळ्या हक्कांच्या स्त्रिया त्या एका शब्दात कोंबल्या गेल्या. पोर्तुगीजांनी त्याआधीच गोव्यात आणि किनाऱ्यावर देवळांतल्या नर्तकींना आपल्या भाषेतले ‘बायलादैरा’ म्हणजे ‘नाचणारी’ हे नाव दिले होते. ते फ्रेंचमध्ये ‘बायादेर’ झाले. १८३८ साली दक्षिणेतल्या देवदासींचे एक पथक पॅरिसला नाचून आले, आणि १८७७ साली सेंट पीटर्सबर्गला मारियुस पेतिपाने ‘ला बायादेर’ हा बॅले रंगमंचावर आणला. भारतीय नर्तकी युरोपच्या कल्पनेत गेली ती अशा दोन नावांनी, आणि दोन्ही नावांचा अर्थ ‘नाचणारी’ एवढाच.

१८९२–९३च्या सुमारास मद्रासमध्ये सुधारकांनी नाचाच्या मेजवान्यांवर बहिष्कार टाकण्याची मोहीम सुरू केली. तिचे इंग्रजी नावच ‘अँटी-नॉच’ होते. देवदासी म्हणून मुली वाहण्याची प्रथा अन्यायाची होती आणि ती थांबवणे आवश्यकच होते. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि मद्रासमध्ये १९४७ साली त्यासाठी कायदे झाले. परंतु प्रथेबरोबर कलेवर आणि कलेबरोबर शब्दावरही शिक्का बसला. सदिर किंवा दासीआट्टम् या नावांनी ओळखली जाणारी कला वाचवू पाहणाऱ्यांनी म्हणूनच आधी नाव बदलले. १९३० नंतरच्या दशकात मद्रासच्या म्युझिक ॲकॅडमीच्या आणि ई. कृष्ण अय्यर, रुक्मिणीदेवी अरुंडेल अशांच्या प्रयत्नांनी ‘भरतनाट्यम्’ हे नाव सर्वमान्य झाले. ज्या तंजावरात ही कला आजच्या क्रमाने बांधली गेली तिथे तेव्हा भोसल्यांचे राज्य होते. सरफोजी राजांनी या नाचासाठी मराठीत निरूपणे रचली होती. ‘भरतनाट्यम्’ हे नाव रूढ होत होते त्याच सुमारास मेनका या नावाने गाजलेल्या लीला सोखी यांनी खंडाळ्याला काढलेल्या संस्थेचे नाव होते ‘नृत्यालयम्’. सुशिक्षित घरांतल्या मुलींना आता ‘नृत्य’ शिकता येत होते. ‘नाच’ शिकायला कोणी पाठवले नसते. पोटजातीचे, पेशाचे आणि गरिबीचे सारे सामाजिक अंतर या दोन शब्दांतल्या अंतरात भरले गेले. स्वातंत्र्यानंतर प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यांत आणि शालेय स्पर्धांत ‘लोकनृत्य’ हा शब्द रूढ झाला आणि कोळी नाचाचे कोळीनृत्य झाले. गावात मात्र बाल्या नाच, गौरी नाच, तारपा नाच ही नावे तशीच राहिली.

मराठीत नाचाच्या आणखी एका मोठ्या वर्गाला ना ‘नाच’ म्हणतात ना ‘नृत्य’. मंगळागौरीच्या रात्री बायका ‘खेळ’ खेळतात. फुगडी, झिम्मा, टिपऱ्या, लेझीम, गरबा हे सगळे ‘खेळायचे’ असते. गोव्यात धालोही खेळतात. तिथल्याच चांदर गावातल्या मुसळांच्या फेराचे नाव ‘मुसळां खेळ’. कोकणातल्या नमनाचे कलावंत ते ‘खेळे’. यांत ताल आहे, पदन्यास आहे, गाणे आहे, धनंजयाच्या व्याख्येतले नृत्त पुरेपूर आहे, तरी क्रियापद वेगळे. शेजारच्या द्राविडी भाषांत ही सरमिसळ मुळातच आहे: तमिळमध्ये ‘आडु’ या एकाच क्रियापदाचे अर्थ नाचणे आणि खेळणे, आणि त्यापासून झालेले ‘आट्टम्’ मोहिनीआट्टम्, कुडियाट्टम् या नावांत दिसते. मराठीतली योजना त्या शेजारामुळे असेल. घरंदाज बाईने नाचू नये पण खेळावे, या समजुतीनेही तिला बळ दिले असेल. कारण काहीही असो, मराठी स्त्रियांनी शतकानुशतके मनसोक्त नाचण्याची वाट या शब्दाने मोकळी ठेवली.

बोलीत ‘नाच’ किती मुरला आहे हे वाक्प्रचारांतून दिसते. रागावलेला माणूस थयथय नाचतो, मोर थुईथुई नाचतो. ‘थयथय’चे नाते नाचाच्या ‘थै थै’ या बोलांशी उघड आहे. एखादा दुसऱ्याच्या तालावर नाचतो, कचेरीत कागदी घोडे नाचवले जातात, आठवणी डोळ्यांपुढे नाचतात. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण तर अंगण सारवणाऱ्या घरांनीच घडवली असणार. यांतल्या एकाही ठिकाणी ‘नृत्य’ घालून चालत नाही. उलट ‘नृत्यदिग्दर्शक’, ‘नृत्यनाट्य’ या शब्दांत ‘नाच’ बसत नाही.

आता दोघांच्या जोडीला ‘डान्स’ आला आहे. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून गेला. त्यामागची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. मराठीत त्याने मधली जागा घेतली. ‘नाच’ म्हणायला संकोच वाटतो आणि ‘नृत्य’ म्हणणे फार गंभीर होते, तिथे ‘डान्स’ येतो: डान्स क्लास, डान्स शो, लग्नातला डान्स. २००५ साली महाराष्ट्र सरकारने डान्स बारवर बंदी घातली, २००६ साली उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्या वर्षांतल्या वादात ‘बारबाला’ आणि ‘डान्स बार’ हे शब्द रोज छापून येत होते, आणि ‘नाच’वर एकेकाळी जो डाग पडला होता त्यातला काही भाग या नव्या शब्दाकडेही सरकला.